वाघाशेजारची खोली आणि तिचा हिशेब

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभयारण्यातील पर्यावरणस्नेही निवास हा विषय जालन्याच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात वनक्षेत्र दोन टक्क्यांच्याही आत आहे. जालना म्हटले की लोखंडी सळई, बियाणे आणि मोसंबी आठवते. फार तर टँकर आठवतो. जंगल कोणाला आठवत नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम स्वीकारला आणि त्याला कारण आहे.

२०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, म्हणून त्याचा मार्ग आपल्याला ठाऊक आहे. विदर्भ, तेलंगणाचा सीमाभाग आणि मराठवाडा असा तेराशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून वर्षाअखेरीस तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत शेते होती, रस्ते होते, कापसात काम करणारी माणसे होती. ज्ञानगंगा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. दुसऱ्या बाजूला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. या दोहोंच्या मधला अजिंठ्याचा डोंगरपट्टा आपल्या भोकरदन-जाफराबादच्या उत्तरेला स्पर्श करून जातो. त्यातच जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून थेट मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्णपणे खुला झाला आणि जालना त्या रस्त्यावर आहे. शहरातला पैसा आणि डोंगरातली शांतता यांच्यातले अंतर आता तासांत मोजले जाते. अशा ठिकाणी पहिली खोली केव्हा उभी राहील हे मी सांगू शकत नाही. मात्र ती उभी राहिली तर तिचा हिशेब कसा तपासावा, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या निवासांच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे प्रथम प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. ते म्हणतात, काँक्रीटचा पाया घालू नका, लाकडी किंवा बांबूच्या खांबांवर खोली उभारा म्हणजे पावसाचे पाणी खालून वाहत राहील. भिंत मातीची करा, छपर स्थानिक कौलांचे करा. दिवे सूर्याच्या उर्जेवर चालवा आणि रात्री ते मंद ठेवा, म्हणजे निशाचर प्राण्यांना त्रास होणार नाही. जनरेटर नको, ध्वनिवर्धक नको, जळणासाठी लाकूडतोड नको. सांडपाणी नाल्यात सोडू नका, कचरा परत शहरात न्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाटांची संख्या मर्यादित ठेवा. यांतील एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. नेपाळमध्ये १९८६ साली अन्नपूर्णा संरक्षण प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पदयात्रेकरूंच्या चुलींपायी तेथील डोंगर उघडे पडत चालले होते. घांद्रुकसारख्या गावांत लॉजचालकांच्या समित्या स्थापन झाल्या, लाकडाऐवजी रॉकेल वापरायचे ठरले आणि रॉकेलची कोठारे उघडण्यात आली. पाणी तापवण्यासाठी सौर बंब आले, जेवणाचे दर सर्वांनी मिळून एकच ठेवले. हा बदल खरा होता आणि तो गावातल्या लॉजवाल्यांनी स्वतः केला होता. हा दुसरा भाग आपण लक्षात ठेवावा.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझी शंका सांगतो. निवासाची झळ मोजण्याची जी पट्टी आज वापरली जाते, ती जमिनीवर सुरू होते आणि जमिनीवरच संपते. खोली किती झाडे वाचवते हे मोजले जाते. ती खोली ज्या गावात उभी आहे, त्या गावाच्या विहिरीवर, मजुरीवर आणि सातबाऱ्यावर तिची काय झळ पोहोचली, हे मोजले जात नाही. सौर दिव्याखाली बसून पाहुणा निसर्गरक्षणाचे समाधान अनुभवतो. त्याच खोलीच्या न्हाणीघरात उन्हाळ्यात किती पाणी वाहते, हे माहितीपत्रकात छापलेले नसते. केंद्र सरकारच्या जल जीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले. टेकडीवरच्या पाड्याला एप्रिल-मे महिन्यांत तेवढेही मिळेल याची खात्री नाही. २०१२-१३ च्या दुष्काळातला टँकर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी पाण्याचे अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच भूजलावर न्हाणीघरातला टब आणि बाईच्या डोक्यावरचा हंडा अवलंबून असतील, तर भिंत मातीची की सिमेंटची, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

मोठे उदाहरण ताडोबाचे घ्या. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि आज गाभा व बफर मिळून ते क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांच्या गावांजवळ निवासांची रांग उभी राहिली. त्यांत साधी घरगुती सोय आहे, सरकारी निवासस्थाने आहेत आणि एका रात्रीला वीस हजारांहून अधिक भाडे घेणारी ठिकाणेही आहेत. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे त्या खोलीतील एका रात्रीसाठी मजुराचे चौसष्ट दिवस लागतात. मी ही तुलना कोणाला लाजवण्यासाठी करीत नाही. हे वीस हजार कशाचे, हे शोधण्यासाठी करतो.

ते पलंगाचे नव्हेत. तसाच पलंग जालन्याच्या स्टेशनजवळच्या लॉजमध्ये फारच स्वस्तात मिळतो. ते जेवणाचेही नव्हेत. ते आहेत वाघाच्या सान्निध्याचे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडला. धान्याचे भाव चढतात ते जमीनमालकाला खंड द्यावा लागतो म्हणून चढत नाहीत. भाव चढले की सुपीक व मोक्याच्या जमिनीच्या मालकाला काहीही न करता खंड मिळतो, असे त्याचे सार. वाघाशेजारची जमीन ही अशीच मोक्याची जमीन आहे. तो वाघ रिसॉर्टच्या मालकाने निर्माण केलेला नाही. तो वाचला तो सार्वजनिक पैशाने पोसलेल्या वनरक्षकांमुळे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे, आणि त्याहूनही ज्यांची गुरे, पिके व कधी माणसेही त्याने नेली, त्या गावांनी सोसल्यामुळे. मूल्य सर्वांनी निर्माण केले. खंड मात्र प्रवेशद्वाराजवळ ज्याने वेळेवर जमीन घेतली त्याच्या खिशात जातो. समाजवादी विचाराला ही गोष्ट नवी नाही, फक्त गिरणीच्या जागी येथे जंगल आहे.

आणि खर्चाची बाजू पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात २०२२ या एका वर्षात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत पन्नासच्या घरात माणसे मेली. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या एकाच हल्ल्यात मारल्या गेल्या. तेंदूचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम उन्हाळ्यात एकाच वेळी येतो. त्याच पहाटे त्याच जिल्ह्यात जिप्सीतून फिरणाऱ्या प्रवाशाची मनोमन एकच प्रार्थना असते, वाघ दिसावा. आणि पाने तोडणाऱ्या बाईची प्रार्थना असते, न दिसावा. मृताच्या वारसास २०२३ पासून पंचवीस लाख रुपये देण्याचा निर्णय शासनाने केला, तो योग्यच आहे. पण ही भरपाई सर्वसामान्य करदात्याच्या तिजोरीतून जाते. वाघाच्या नावाने भाडे घेणाऱ्याच्या नफ्यातून तिचा वाटा किती, हा प्रश्न विचारायला हवा.

वन्यजीवाची बाजूही धड सांभाळली जाते असे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या बछड्यांसह सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतील कित्येक मंडळी रात्री कोठल्यातरी पर्यावरणस्नेही निवासात उतरली असतील, सौर दिवा लावला असेल आणि टॉवेल दोनदा वापरला असेल. खोलीची झळ कमी करून प्रवाशाची झळ कमी होत नाही.

नोकऱ्या मिळतात ना, असे विचारले जाते. मिळतात. ताडोबात गावातले तरुण गाईड झाले, जिप्सी चालवू लागले, अलीकडे स्त्रियाही चालक व गाईड म्हणून पुढे आल्या. ज्या मुलीने गाव सोडून काही पाहिले नव्हते ती आज परगावच्या पाहुण्यांना पक्ष्यांची नावे सांगते, यात मला मनापासून आनंद आहे. प्रवेशशुल्कातून गावसमित्यांनाही काही रक्कम मिळते. परंतु गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते. खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या भूमिहीन बाईचे ते तीन महिने कोणाच्या खात्यावर? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा सारेच एका रात्रीत थांबले. शेत असणारा शेताकडे वळला, शेत विकून बसलेला कोठे वळणार? म्हणून मी रोजगाराचा आकडा ऐकला की त्याबरोबर दोन प्रश्न जोडतो. वर्षातले किती महिने, आणि जमीन अजून कोणाच्या नावावर आहे?

आपल्याकडील जंगलातल्या निवासाचा इतिहासही थोडा पाहू. मेळघाटात इंग्रजांनी १८६० च्या दशकात जंगले राखीव करायला सुरुवात केली. वनखात्याला मजूर हवे होते, म्हणून वनग्रामे वसवली. कोरकूंनी तेथे राहावे आणि त्या राहण्याच्या बदल्यात खात्याचे काम करावे, अशी ती रीत होती. साहेबांच्या मुक्कामासाठी जी विश्रामगृहे बांधली गेली त्यांची जागा अप्रतिम, रचना साधी, व्हरांडा प्रशस्त. आजच्या सर्व कसोट्या लावल्या तर ती पर्यावरणस्नेही निवासाचा उत्तम नमुना ठरतील. झाडे फारशी तोडली गेली नाहीत, वीज नव्हती, खाटा दोन-चारच होत्या. फक्त तेथे पाणी कोण भरत होते आणि त्याला काय मिळत होते, हे कोणी विचारीत नव्हते.

१९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची योजना आली आणि मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांत समाविष्ट झाला. पुढे २००१ नंतर कुंड, बोरी, कोहा ही गावे बाहेर हलवली गेली आणि पाठोपाठ इतर गावे. कुटुंबामागे दहा लाखांचे पॅकेज २००८ साली ठरले, ते २०२१ साली पंधरा लाख झाले. स्वेच्छेने गेलेले लोक आहेत, शाळा-दवाखाना जवळ आल्याने समाधानी असलेलेही आहेत, हे मी नाकारीत नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये अकोटकडे हलवलेल्या गावांतील शेकडो लोक आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून जंगलात परत गेले आणि पोलीस व वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. सेमाडोहला, सिपना नदीकाठी कोलकासला, शहानूरला पर्यटकांच्या निवासाची सोय मात्र चालू राहिली. माणसाच्या वावराने जंगलाला त्रास होतो हे तत्त्व मान्य असेल, तर ते तत्त्व कोरकूच्या झोपडीला आणि पाहुण्याच्या खोलीला सारखेच लागू व्हायला नको काय? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभा क्षेत्रातील पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली, तेव्हा हा प्रश्न काही काळ ऐरणीवर आला. ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनाला खुला ठेवण्याचे ठरले आणि बंदी उठली. निवासांकडून संरक्षण-शुल्क घेण्याची तरतूदही त्यांत होती. ती वीस टक्क्यांइतकी चर्चेत कधी आली नाही.

अलीकडची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. प्राणिसंग्रहालय, सफारी आणि वनयोजनेत समाविष्ट असलेल्या पर्यावरण-पर्यटनाच्या सोयी यांना 'वनेतर उपयोग' या व्याख्येतून वगळण्यात आले. वनजमिनीवर शाळेची खोली बांधायची झाली तर तो वनेतर उपयोग ठरतो आणि त्यासाठी परवानगी लागते. पर्यटकाची खोली मात्र वनाचाच भाग मानली जाऊ शकते! फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफारी आणि प्राणिसंग्रहालयांबाबत आपल्या संमतीची अट घातली, ती अंतरिम आदेशाने. 'पर्यावरणस्नेही' हा शब्द किती उपयोगी पडतो, हे यावरून कळावे.

मग या निवासांना सरसकट विरोध करावा काय? माझे मत तसे नाही. खाटेची मालकी बदलली की हिशेब बदलतो, असे मी मानतो. आफ्रिकेतील नामिबिया या देशाने १९९६ साली कायदा करून सामूहिक जमिनीवरील लोकांना संघटित होऊन वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनाचा आणि त्यापासूनच्या उत्पन्नाचा हक्क दिला. तेथे आज अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे आहेत. डमारालँडमधील तोरा या क्षेत्रातील लोकांनी एका कंपनीशी करार केला. कंपनीने तंबूंचा निवास चालवायचा आणि खाटेच्या भाड्यातून दहा टक्के लोकांच्या संस्थेला द्यायचे. दहा टक्के फार झाले असे मी म्हणणार नाही. पण ते देणगी म्हणून मिळत नव्हते, हक्क म्हणून मिळत होते, आणि हा फरक मोठा आहे. तेथेही दुष्काळाने व २०२० च्या साथीने हात दाखवला, समितीपर्यंत आलेला पैसा शेळी गमावलेल्या घरापर्यंत पोहोचेलच असे नव्हते.

जवळचे उदाहरण अकोले तालुक्यातील पुरुषवाडीचे. सह्याद्रीच्या कुशीतले हे महादेव कोळी समाजाचे गाव. तेथे प्रथम पाणलोटाचे काम झाले आणि नंतर पाहुणे आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. गावकऱ्यांच्या घरांत किंवा तंबूंत पाहुण्यांची सोय होते आणि जेवण घरोघरी पाळीने असते. पाहुणा चुलीवरची भाकरी खातो, घराच्या अंगणात झोपतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, म्हणजे पर्यावरणावरची सर्वांत हलकी खोली ही आधीपासून बांधलेली खोली असते. पाळीची पद्धत असल्याने एकाच पुढाऱ्याच्या घरी सारे पाहुणे जात नाहीत. मात्र काजव्यांच्या दिवसांत त्याच परिसरात, भंडारदऱ्याच्या बाजूला, मोटारींची काय झुंबड उडते आणि त्यांच्या दिव्यांत काजवा कसा हरवतो, तेही पाहण्यासारखे आहे. पाळी असली तरी संख्येला कुंपण हवेच.

सहकाराचा उल्लेख झाला की आपल्यातील वडीलधारे हसतात, हे मला ठाऊक आहे. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला जो प्रयोग केला, त्याचे पुढे ठिकठिकाणी काय झाले, ते आपण मराठवाड्यातही पाहिले. कारखाना सभासदांचा, गाडी अध्यक्षाची. निवासांचा सहकार झाला तरी हाच रोग लागू शकतो. म्हणून मी संस्थेपेक्षा ग्रामसभेवर अधिक भर देतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली तो मिळवला. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर या कोरकू गावाने उजाड डोंगर राखला आणि तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारात स्वतःच्या नावाने विकली. ज्या गावाला आपल्या वनाचा हिशेब ठेवता येतो, त्याला चार खाटांचाही ठेवता येईल.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. भोकरदन-जाफराबादच्या डोंगरकडेच्या गावांत आज नीलगाय आणि रानडुक्कर हा शेतकऱ्याच्या रोजच्या त्रासाचा विषय आहे. रात्ररात्र राखण करावी लागते. तेथे वन्यजीवांचे कौतुक सांगायला जाणारा माणूस शिव्या खाऊन परत येईल, आणि ते योग्यच होईल. अशा हलक्या, कोरडवाहू, डोंगरउताराच्या जमिनीला आज मोल नाही, म्हणूनच ती अडल्यानडल्या शेतकऱ्याकडून सहज सुटते. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावर त्याने निर्बंध घातले आहेत. पण बागायतदार म्हणून कागदोपत्री शेतकरी असलेला शहरी माणूस आपल्याला नवा नाही.

माझी सूचना अगदी छोटी आहे, तिला चळवळ म्हणावे असे काही नाही. डोंगरकडेच्या प्रत्येक गावात, गेल्या दहा वर्षांत कोणत्या गटाचा फेरफार कोणाच्या नावे झाला, याचे वाचन ग्रामसभेत व्हावे. तलाठ्याकडे नोंद असते, ती मागण्याचा अधिकार नागरिकाला आहे. त्या यादीशेजारी गावातील विहिरी, हातपंप आणि उन्हाळ्यात त्यांना किती पाणी असते याची दुसरी यादी लिहावी. तिसरी यादी गेल्या तीन वर्षांत वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची, भरपाई मिळाली की नाही याच्या शेऱ्यासह. जो कोणी पर्यावरणस्नेही निवासाचा प्रस्ताव घेऊन येईल, तो गावातला असो, पुण्यामुंबईचा असो की सरकारी महामंडळाचा, त्याने या तीन याद्यांसमोर बसून बोलावे. खाटा किती, पाणी कोठून, पावसाळ्यात कामगाराला वेतन काय आणि भाड्यातला गावाचा वाटा किती, हे लेखी द्यावे. जाफराबाद तालुक्यातील दोन-तीन गावांत हे काम करायला आपल्यापैकी कोण तयार आहेत, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. फेरफाराची नक्कल मागण्याच्या अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे.